बाबा, घर वाईचेच राहील

पुणे, अक्षय्य तृतीया

ती. आई-बाबांस,

सा. न. वि. वि.

हे सारे फोनवरही सांगता आले असते. पण फोनवर आईचा कंठ लगेच दाटून येतो आणि बाबा ‘बरं, बरं’ म्हणून फोन तिच्या हाती देतात, म्हणून मुद्दाम लिहायला बसले आहे. दुपारचा चहा झाला की दोघांनी ओटीवर बसून वाचावे. बाबा, तुम्हाला पुन्हा वाचावेसे वाटले तर पत्र तुमच्या चष्म्याच्या घराशेजारीच ठेवा.

आधी निर्णय सांगते. तुम्हाला पुण्याला आणण्याचा बेत मी रद्द केला आहे. आमच्या इमारतीतला तो फ्लॅट सोडला आणि बँकेत अर्ज करून सातारा शाखेत बदली मागून घेतली. १ जूनपासून मी वाईला, तुमच्याजवळ राहायला येते आहे. संसार टाकून ही कशाला येते, असे आई म्हणेल. म्हणून सांगते की चिनू यंदा वसतिगृहात जाणारच होता, हे शनिवार-रविवार वाईला येतील आणि त्यांनीच मला बदलीचा अर्ज करायला सांगितले. कोथरूडहून हडपसरला पोहोचेपर्यंत मी जेवढी दमते, तेवढी वाईहून साताऱ्याला जाताना दमणार नाही. शिवाय माडीवरची खोली रिकामीच आहे. कोणी कोणासाठी काही सोडते आहे, असे कृपा करून मनात आणू नका.

बेत का बदलला, ते मात्र नीट सांगायला हवे. साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्कॅन समोर धरला तेव्हा बाबा स्वतःच म्हणाले होते, ‘डॉक्टर, इंजिनात काय बिघडलंय ते मला दाखवा.’ त्यांनी दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी असलेला हिप्पोकॅम्पस दाखवला होता. नवे प्रसंग आणि नव्या वाटा प्रथम तिथे नोंदल्या जातात, आणि बाबांच्या या अल्झायमरच्या आजाराचा घाला तिथेच आणि त्याला लागून असलेल्या भागावर सर्वांत आधी पडतो. वर्षानुवर्षे उजळणी झालेल्या जुन्या आठवणी मेंदूच्या वरच्या आवरणात दूरवर पसरलेल्या असतात, त्यामुळे त्या अधिक काळ टिकतात. म्हणजे पुण्यातल्या नव्या घरात न्हाणीघर कुठे आणि दिव्याचे बटण कुठे, हे बाबांना रोज नव्याने शिकावे लागले असते, आणि तेही जो भाग थकला आहे त्याच्याकडून. वाईच्या घरात त्यांना अंधारातही तांब्या सापडतो. हे मला आधी उमगायला हवे होते.

लंडनच्या टॅक्सीचालकांची गोष्ट मी तुम्हाला फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितली होती. परवाना मिळवण्यासाठी त्यांना शहरातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, आणि एलिनॉर मॅग्वायर यांच्या गटाला २००० साली त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. त्यावरून तुमचे एकतीस वर्षांचे बसचे ड्रायव्हिंग तुम्हाला सांभाळून घेईल, असे मी बोलून गेले. पुढे वाचले तेव्हा कळले की २००६ साली त्याच गटाने ठरलेल्या मार्गावर गाडी चालवणारे बसचालक तपासले, तर त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. बाबा, तुम्हाला खोटी आशा लावली, याचे मला वाईट वाटते.

आता दिवाळीबद्दल. तुम्ही मंडईला म्हणून गेलात आणि दोन तासांनी स्टँडवर, महाबळेश्वरच्या फलाटापाशी, भाजीची पिशवी छातीशी धरून उभे सापडलात. मी चार माणसांत तुमच्यावर ओरडले. इतकी वर्षे गाडी चालवली आणि घरचा रस्ता कळत नाही का, असे विचारले. खरे तर तुमचे पाय चुकले नव्हते. सवयीची वाट मेंदू खोलवरच्या निराळ्या गाठींत साठवतो, आणि तुमच्या पायांनी तुम्हाला ड्यूटीवर नेऊन उभे केले होते. दुसऱ्या दिवशी तुम्हाला मंडई आठवत नव्हती आणि स्टँडही आठवत नव्हता. पण मी चहा घेऊन आले की तुम्ही नजर खाली वळवत होतात आणि कप हातातून न घेता ‘ठेव तिथं’ म्हणत होतात. मी काय केले होते हे तुम्हाला ठाऊक नव्हते. माझ्यापाशी काहीतरी दुखते, एवढेच तुमच्यात उरले होते. बाबा, मला क्षमा करा. तुम्हाला तो दिवस आठवत नसला तरी मला क्षमा मागायची आहे.

असे का झाले, हे शोधत मी कितीतरी रात्री वाचत बसले. हिप्पोकॅम्पसच्या पुढच्या टोकाशी बदामाएवढा अमिग्डला असतो. भीती आणि आपलेपणा यांच्या खुणा उमटवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पसरणी घाटात दरड कोसळली त्या रात्री गाडीत किती उतारू होते आणि टोपलीत कोंबड्या घेऊन कोणती म्हातारी बसली होती, हे तुम्ही आजही सांगता, कारण जिवावर बेतते तेव्हा अमिग्डला शेजारच्या हिप्पोकॅम्पसला ते पक्के कोरून ठेवायला लावतो. पण प्रसंग मुळीच नोंदला गेला नाही तरीही भावनेची खूण राहू शकते. जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये लिहून ठेवले आहे की, स्मृती गेलेल्या एका बाईशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवली. थोड्या वेळाने तिला टोचल्याचे आठवत नव्हते, तरी पुढे केलेला हात पाहताच तिने आपला हात मागे घेतला. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले. पाहिलेले बहुतेक विसरले गेले, पण ते दुःख आणि तो आनंद मात्र मागे रेंगाळत राहिला. त्यांनी अर्ध्या तासापर्यंतच मोजले होते. मी मात्र आपल्या घरात ते दोन दिवस पाहिले.

म्हणून आई, आता तुझ्याशी बोलते. ‘आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, ही कोण ते ओळखा बघू’ ही परीक्षा आजपासून बंद. ती तू मायेने घेतेस, मीही घेतली आहे. पण उत्तर न आल्याची लाज मागे राहते आणि प्रश्न मात्र विसरला जातो. दारात कोणी आले की तूच आधी नाव घेऊन बोलावीत जा. आणि बाबांनी ‘तात्या आला का?’ असे विचारले तर तात्या गेल्याचे पुन्हा सांगू नकोस. त्यांना ते दरवेळी त्याच दिवसासारखे लागते. तात्यांबरोबरच्या विहिरीवरच्या पोहण्याचा विषय काढ, मग ते स्वतःच रमतात.

हातांची विद्या तर अजून शाबूत आहे. अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग १९५३ साली अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढावा लागला, आणि त्यानंतर त्यांना नवी घटना लक्षात राहीना. तरीही ब्रेंडा मिल्नर यांनी आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली तेव्हा तीन दिवसांत त्यांचा हात सुधारत गेला, आणि आपण हे पूर्वी केले आहे हे त्यांना दरवेळी ठाऊकच नव्हते. मला हे वाचताना बाबांचा अडकित्ता दिसला. सुपारी अंगठ्याने फिरवत, न बघता, कागदासारखी कातरतात आणि चुरा पंचावर पडू देत नाहीत. लहानपणी त्या आवाजावर मला झोप लागत असे. आई, ‘बोट कापेल’ म्हणून तो अडकित्ता फडताळात दडवून ठेवला आहेस, तो बाहेर काढ. तू शेजारी बस, म्हणजे काळजी नको.

बाकीचेही ऐका. घरातले काही हलवायचे नाही, कॉट नाही आणि देव्हाराही नाही. रात्री न्हाणीघराचा दिवा चालू ठेवायचा. विजेचे बिल मी भरेन. बाबांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी मी स्वतः शिवून घेणार आहे, त्याचा राग मानू नका. गणपती घाटावर फिरायला एकट्याने जायचे नाही, पण जायचे मात्र रोज. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. आणि आईने गुडघ्याचे दुखणे लपवायचे नाही. बादल्या उचलायला शेजारच्या मावशींना सांगितले आहे, त्यांचे पैसेही ठरवले आहेत.

बाबा, पुढे कधी माझे नाव तुमच्या ओठांवर आले नाही तर तुम्ही कष्टी होऊ नका. मी जवळ बसले की तुम्हाला बरे वाटावे, एवढे मी जपेन.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते आहे. माझ्यासाठी जेवायला थांबू नका, आमटी तेवढी ठेवा. येताना रोठा सुपारी घेऊन येते. कातरायला बाबांनी बसायचे आहे.

तुमची लेक,
सुमी