येरवड्यातल्या त्या खाटेसाठी

आदरणीय पु. ल. आणि सुनीताबाई,
सादर प्रणाम.

हे पत्र तुमच्या हयातीत लिहायला हवं होतं. तेव्हा लिहिलं नाही, कारण आभार कुणाचे मानायचे हेच आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. कळलं तेव्हा पु. ल. तुम्ही गेला होतात, आणि सुनीताबाईंना लिहीन लिहीन म्हणता २००९ साल उजाडलं. ती चुकामूक मनाला लागून राहिली आहे, म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते.

मी लालबागची. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी बारावीला होते, धाकटा भाऊ नववीत. दोन-चार महिन्यांत मिटेल असं वडील म्हणायचे. अडीच लाख कामगारांच्या घरांत तेव्हा हेच बोललं जात असणार. कोकणातून तांदूळ येत होता तोवर चूल पेटत राहिली. भावाची शाळा सुटली, नाका सुरू झाला, आणि नाक्यावर गर्द आली, म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनची भुकटी.

आई केर काढायची तेव्हा खाटेखालून अर्धवट जळलेल्या काड्या निघायच्या आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी, मधोमध काळी रेघ उमटलेली. पोरगं सिगारेट ओढायला लागलं असं तिला वाटलं. मग तांब्याची घागर गेली, वडिलांचं घड्याळ गेलं. एके सकाळी नळावर कुणीतरी भावाला 'गर्दुल्ला' म्हणालं. आईने तो शब्द पहिल्यांदा ऐकला. ती भरलेली बादली तिथेच ठेवून घरी आली आणि मला अर्थ विचारला.

तुम्हाला सांगायला हवं, हाच मुलगा सातवीत असताना आमच्या चाळीच्या गणपतीत तुमचे आवाज काढायचा. शेजारच्या खोलीत टेपरेकॉर्डर होता. रविवारी दुपारी तिथे तुमची कॅसेट लागायची. मधली भिंत फळ्यांची, त्यामुळे आम्हाला शब्द न् शब्द ऐकू यायचा. भावाला सगळं तोंडपाठ होतं, कुठे थांबायचं तेसुद्धा. वडिलांचा कोट घालून तो स्टेजवर उभा राहिला की आई पहिल्या रांगेत बसून त्याच्याबरोबर ओठ हलवायची. गर्दच्या दिवसांत मात्र पलीकडे कॅसेट लागली की ती उठून आमचं दार लावून घ्यायची. दार लावून भिंतीतून येणारा आवाज थांबतो थोडाच. पण ती लावायची.

१९८८च्या थंडीत भावाच्या शाळेतले एक मास्तर पुण्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी घेऊन आले. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, येरवडा. आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. ठाणं सोडलं आणि त्याला टर्की लागली, गर्द न मिळाल्याचा त्रास सुरू झाला. पोटात पीळ पडत होता, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. कर्जतला घाटासाठी मागून इंजिन लावायला गाडी थांबली तेव्हा त्याने उतरून पळायला बघितलं. आईने त्याच्या शर्टाची कॉलर दोन्ही मुठींत धरली होती. डब्यातले दोन अनोळखी पुरुष काही न विचारता दारात जाऊन बसले आणि लोणावळा येईपर्यंत तिथून हलले नाहीत. त्यांचेही आभार राहूनच गेले आहेत.

आईने कमरेला रुमालात आपल्या दोन बांगड्या बांधून आणल्या होत्या. तेवढंच सोनं शिल्लक होतं. नाव लिहून घेणाऱ्या माणसाने भावाकडे बघून पहिलं सांगितलं ते हे, की मीही गर्दच पीत होतो. भाऊ तोवर खाली मान घालून बसला होता, त्याने मान वर केली. मला वाटतं त्याचं बरं होणं तिथून सुरू झालं. डॉक्टरांनी सांगून जे झालं नसतं, ते त्या वाटेवरून जाऊन परत आलेल्या माणसाने केलं. बांगड्या रुमालातून बाहेर काढायची वेळच आली नाही. त्या तशाच परत आल्या.

पाच आठवडे तो तिथे राहिला. पहाटे उठायचं, योगासनं, सफाई, गाणी, आणि सगळ्यांत मिळून खरं बोलायचं. घरच्यांच्या सभेला आम्हाला बोलावलं, तेव्हा 'तुम्ही कशा आहात' असं आईला कुणीतरी विचारलं. सहा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. पुढे तो एकदा स्लिप झाला, पुन्हा गर्दकडे वळला. आम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण त्यांनी त्याला पुन्हा आत घेतलं. १९९०पासून त्याने गर्दला हात लावलेला नाही.

आम्ही आभार मानले ते मुक्तांगणचे, ते चालवणाऱ्या डॉ. अनिता अवचटांचे, त्या मास्तरांचे. तुमचं नाव या सगळ्यात कुठे नव्हतं. पाटीवर तर नव्हतंच.

मग कितीतरी वर्षांनी त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांचं लिखाण वाचताना कळलं. गर्दवरचे त्यांचे लेख वाचून तुम्ही दोघं अस्वस्थ झालात आणि व्यसनमुक्तीचं काम उभं राहावं म्हणून एक लाख रुपये पुढे केलेत. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे तो भिंतीपलीकडचा माणूस?"

हो आई, तोच.

तेव्हापासून मी त्या लाखाचा विचार करते. गावदेवीत जन्मलेला, पार्ल्यात वाढलेला मुलगा, घरी गडगंज काही नाही. मास्तरकी केलीत, कॉलेजात शिकवलंत, आकाशवाणीवर गेलात. १९६१ साली 'बटाट्याची चाळ' घेऊन एकटे रंगमंचावर उभे राहिलात. एकच माणूस, आणि अख्खी चाळ डोळ्यांसमोर. लोकांनी भरभरून तिकिटं काढली, पुस्तकं घेतली, आणि ती मिळकत समाजाची म्हणून १९६५ साली तुम्ही फाउंडेशन काढलंत. हसायला आलेल्या माणसाने खिडकीवर दिलेले पैसे शेवटी कुठे जावेत, याचा विचार तुम्ही केला होता.

आणि तो पैसा तुम्ही गर्दुल्ल्यांना दिलात. याचं मोल बाहेरच्याला कळणार नाही. दान देणारे पात्र बघून देतात. हुशार मुलाला शिष्यवृत्ती मिळते, देवळाच्या पायरीवर नाव कोरून मिळतं. घरातली भांडी विकणारा, आईच्या अंगावर धावून जाणारा, सख्ख्या काकांनी दारातून हाकललेला पोरगा कुणाला पात्र वाटतो? तुम्हाला वाटला. महाराष्ट्राला इतकं हसवणाऱ्या माणसाला, ज्या घरांत कुणी हसत नव्हतं ती घरं दिसली.

सुनीताबाई, तुमचे आभार मला वेगळे मानायचे आहेत. नाव नेहमी पु. लं.चं पुढे आलं. पण प्रयोगाची पडद्यामागची बाजू तुम्ही सांभाळलीत, पै-पैचा हिशेब तुम्ही ठेवलात, नको त्या गोष्टींना नाही म्हणायचा वाईटपणा तुम्ही घेतलात. लोक तुम्हाला कडक म्हणायचे. मीही संसार केला आहे. मला माहीत आहे की कुणीतरी तसं कडक राहिल्याशिवाय घरात चार पैसे वेळेला उभे राहत नाहीत. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेल्या मुलीने तो कडकपणा कशासाठी राखला होता, ते आमच्या घराला विचारावं.

भाऊ इलेक्ट्रिकची कामं करतो. बदलापूरला स्वतःची खोली आहे, मुलगी नर्सिंग शिकली. प्रभादेवीला तुमच्या नावाची अकादमी आहे, तिथून माझी बस जाते. पाटी दिसली की मी हात जोडते. शेजारचे प्रवासी समजतात, सिद्धिविनायकाला जोडले.

पुण्याहून परतल्यावर पहिल्या रविवारी पलीकडे कॅसेट लागली होती. आई सवयीने दार लावायला उठली. भाऊ म्हणाला, "राहू दे." आणि तुम्ही जिथे थांबायचात, बरोब्बर तिथे तो थांबला, ओठांतल्या ओठांत. हसला नाही. ते यायला अजून काही महिने गेले. पण त्या दिवसानंतर आमचं दार रविवारी उघडं राहायला लागलं.

आई २०११ साली गेली. तिच्या ट्रंकेत तळाशी तो रुमाल सापडला, बांगड्यांसकट. अडीअडचणी कितीतरी आल्या, माझं लग्न झालं, वडिलांचं आजारपण झालं, तिने त्या मोडल्या नव्हत्या. त्या आपल्या नाहीत, येरवड्याच्या आहेत, असं ती म्हणायची. भावाने त्या विकून पैसे तिथे नेऊन दिले. पावती माझ्याकडे आहे, देणाऱ्याच्या जागी आईचं नाव आहे.

तुमची ऋणी,
लालबागची एक बहीण