इमारत खोडा, मला राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : सार्वजनिक जागी बसून चित्र काढणाऱ्यांना हटकण्याबाबत

मागच्या मंगळवारी सकाळी साडेसातच्या सुमारास मी शहरातल्या एका जुन्या दगडी इमारतीसमोर, फूटपाथवर घडीचं स्टूल टाकून बसले होते. इमारत कोणती ते मुद्दाम लिहीत नाही. फाटकावर जो मुलगा उभा होता त्याची नोकरी माझ्या पत्रापायी जायला नको. मांडीवर वही, हातात पेन, शेजारी पाण्याची बाटली. कमानीचे दगड मोजून झाले होते आणि फाटकाशी उभा असलेला हा मुलगा कागदावर उतरत होता, तोच तो रस्ता ओलांडून आला.

"ओ मॅडम, इथं काय करून राहिल्या?"

"चित्र काढून राहिले."

"परमिशन आहे का?"

मी म्हटलं, फूटपाथवर बसायला कुणाची परमिशन लागते बाबा? तो म्हणाला, बसायला नाही, काढायला. नेमक्या त्याच वेळी कॉलेजची तीन पोरं त्याच फाटकासमोर उभी राहून मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत होती. मागं अख्खी इमारत, कळसापासून पायऱ्यांपर्यंत. मी तिकडे बोट दाखवलं. "ते फोटो होय, मॅडम. तुम्ही तर अर्ध्या घंट्यापासून पाहूनच राहिल्या." म्हणजे आक्षेप चित्राला नव्हता, इतका वेळ पाहण्याला होता.

पान फाडा म्हणाला. मी वही त्याच्यापुढे धरली. त्यानं वाकून पाहिलं, टोपी मागं सारली, पुन्हा पाहिलं. "हा मी होय का?" होय म्हटलं. मग आवाज एकदम खाली आला. "काकू, असं करा. इमारत खोडा, मला राहू द्या."

आता खोडणार कशी? माझ्या पाकिटात अर्धं ब्लेड असतं, जुनी सवय, पण कार्ट्रिज पेपरवरची शाई ब्लेडनं निघत नाही, कागदच फाटतो. शेवटी मी कमानीवर कडुनिंबाचं झाड चढवलं. पान, पान, पान, दहा मिनिटं नुसती पानं. इमारत गडप. तो मुलगा मात्र छान आला आहे, एका पायावर भार देऊन उभा. पानाचा त्यानं मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि म्हणाला, आता निघा काकू, सायेब कॅमेऱ्यात पाहतात.

अर्ध्या ब्लेडचं सांगते. मी पाटबंधाऱ्याच्या कामात अनुरेखक होते. १९८३ ते २०१८, पस्तीस वर्षं. हे पद आता फारसं कुणाला ठाऊक नाही. इंजिनिअर साहेबांनी पेन्सिलीत काढलेला नकाशा खाली ठेवायचा, वर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवायचा आणि रॉटरिंगच्या पेनानं शाईत गिरवायचा. कालव्याचा एल-सेक्शन (म्हणजे लांबीचा उभा छेद), मोऱ्या, सांडवा. चुकलं की ब्लेडनं हलकेच खरवडायचं, वरून नख घासून कागद गुळगुळीत करायचा. मग त्याच्या अमोनिया प्रिंटा निघत. त्या वासानं दुपारचा डबा नकोसा होई. माझ्या हाताला तिथं चांगलं नाव होतं. पण पस्तीस वर्षांत माझी स्वतःची अशी एकही रेषा नव्हती. प्रत्येक रेषेच्या खाली दुसऱ्याची रेषा.

पहिलं चित्र काढलं ते नागपूर स्टेशनवर. चंद्रपूरला लग्नाला निघालो होतो, गाडी चार तास लेट. ही सावनेरच्या दगडातली १९२५ ची इमारत, हिच्या खालून मी हजारदा गेले असेन, पण त्या रात्री बसायला जागा मिळाली ती जमिनीवर. समोर एक कुटुंब चादर अंथरून झोपलेलं. आईचा हात झोपेतही स्टीलच्या डब्याच्या कडीत अडकवलेला. मी लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं केलं आणि बॉलपेन टेकवलं. टेकवलं ते तिथंच राहिलं. खाली रेषाच नव्हती! हात कागदावर नुसता चाचपडत होता. खांद्यापासून कोपरापर्यंत यायला मला वीस मिनिटं लागली आणि तो हात शेवटी माणसाचा न वाटता नळाच्या पाइपासारखा झाला. पण ती कडी आणि तिच्यातली दोन बोटं बरोबर आली. ते पाकीट अजून आहे. पत्रिका कुठं गेली देव जाणे.

तेव्हापासून वही सोबत असते. पिशवीत मावेल अशी, जाड कागदाची, कारण पातळ कागदावर पाणी लावलं की तो पापडासारखा फुगतो. एक पक्क्या शाईचं पेन, एक छोटी रंगपेटी, जुन्या गोळ्यांच्या डबीत पाणी. नागपूरच्या मे महिन्यात जलरंगाचं काही खरं नाही, कुंचला उचलून पुन्हा टेकवेपर्यंत आधीचा रंगाचा हात वाळून कड पडलेली असते. उन्हाळ्यात म्हणून मी सकाळी आठच्या आतच काय ते उरकते, नाहीतर मेट्रोत बसते. सुभाषनगरहून प्रजापतीनगरपर्यंत जाऊन परत. मेट्रोतली माणसं चित्राला फार चांगली, सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये, कुणी हलत नाही. फक्त दोन स्टेशनांमध्ये दीड-दोन मिनिटंच मिळतात, माणूस उतरला की नाक अर्धवट. माझ्या वहीत अशी बिननाकाची पुष्कळ मंडळी आहेत. आणि दुपट्ट्यानं डोकं-तोंड बांधून बसलेल्या पोरी. दोन डोळे तेवढे उघडे. आधी वाटलं सोपं आहे. सोपं कसलं! दुपट्ट्याची गाठ मानेमागून कशी फिरते हे कळायलाच महिना गेला.

कस्तुरचंद पार्कच्या बाजूला पोहे खाणाऱ्यांना मी पोहे-तर्री काय ते सांगायला नको. तिथल्या एका गाडीवाल्याचं चित्र मी सलग पाच रविवार काढलं. डाव्या हातात प्लेट, तिच्यावर पोह्यांचा ढीग, उजव्या हातातली पळी पातेल्यात जाते ती थेट बुडत नाही. आधी वरचा लाल तवंग पाठीनं बाजूला सारते, खालचे चणे उचलते आणि बाहेर येता येता त्याच तवंगाला कड लावून घेते. हे सगळं एका झटक्यात. मी वर्षानुवर्षं तिथं खाल्लं, पण पळीची पाठ आधी जाते हे चित्र काढेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं चित्र पाहिलं आणि पळीबद्दल एक शब्द बोलला नाही. म्हणाला, "काकू, माझं पोट एवढं दिसून राहिलं का?"

इतवारीत बोरं विकणाऱ्या एका म्हातारीची तक्रार वेगळी होती. "माह्या बांगड्या कुठी गेल्या?" घाईत राहून गेल्या होत्या. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि मी सगळ्या मोजून घालीपर्यंत तसेच धरून ठेवले, गिऱ्हाईक उभं असताना.

विचारून काढावं की न विचारता, हा प्रश्न मलाही पडतो. आधी विचारलं तर माणूस ताठ होतो, केस नीट करतो, हसतो, आणि आपल्याला हवा असलेला माणूस निघून जातो. म्हणून मी आधी काढते, नजरानजर झाली की वही दाखवते. कुणी नको म्हटलं तर पान फाडून त्याच्या हातात देते. असं आजवर दोनदा झालं. दवाखान्यात काढत नाही, स्मशानघाटावर काढत नाही, रडणाऱ्या बाईचं काढत नाही. हे नियम मला कुणी लावून दिलेले नाहीत.

नातीनं सांगितलं की जगभर असे लोक आहेत. सिएटलचा एक वर्तमानपत्रातला चित्रकार, गॅब्रिएल कॅम्पानारिओ, यानं २००७ मध्ये 'अर्बन स्केचर्स' सुरू केलं, जागेवर बसून समोर दिसतं तेच काढायचं हा त्यांचा पहिला नेम. मुंबई-पुण्यातही त्यांचे गट आहेत. असतील. मला गटात काढायला जमेल असं वाटत नाही, मी शेजारच्याच्या वहीत पाहून गिरवायला लागेन.

हटकण्याकडे परत येते. आपल्या शहरात झिरो माइलचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या मोजणीचा, खांब आहे, दगडी घोडे आहेत, ते सगळ्यांना माहीत. त्याच्याजवळच्या षटकोनी दगडावर हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल असं कोरलं आहे. माझ्यासारखीला त्यातली मोठी गोष्ट म्हणजे तो १९०७ चा बेंच मार्क, म्हणजे उंची पक्की ठरवून दिलेली खूण, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. आमच्या प्रत्येक नकाशावर प्रत्येक ठिकाणी आर.एल., म्हणजे त्या जागेची उंची, लिहिलेला असायचा, आणि अशा बेंच मार्काचा आधार नसेल तर त्या आकड्यांना अर्थ नाही. हिंदुस्थानच्या ज्या मोठ्या मोजणीतून हे दगड आले ती विल्यम लॅम्ब्टननं १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू केली. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, घेऊन हा माणूस वीस वर्षं चालत वर आला आणि नागपूरच्या वाटेवर १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. कबर तिथंच आहे. मी गेले होते वही घेऊन. काढली मात्र रस्त्यावरच्या रसवंतीवर पेंगणारी म्हातारी, कारण कबरीपाशी सावली नव्हती.

त्या मोजणीवाल्यांनाही लोक हटकत. उंचावर दुर्बीण लावून हे आमच्या घरातल्या बायका पाहतात, असा संशय. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. दुर्बीण गेली, मी बॉलपेन घेऊन बसले, तरी प्रश्न तोच.

आणि एक सांगू का? चहाच्या टपरीवर तीन-तीन तास रस्त्याकडे बघत बसलेल्या पुरुषाला कुणी विचारत नाही की तू काय पाहून राहिला. पासष्ट वर्षांची बाई एकटी फूटपाथवर बसली की दहा माणसं थांबतात. "हरवल्या का?" "कुणाची वाट पाहून राहिल्या?" "मुलगा घरात घेत नाही का?" हे शेवटचं खरंच विचारलंय एका सद्गृहस्थानं, वर दहाची नोट पुढे केली. मी त्याचं चित्र काढलं. नोटेसकट.

मारबतीच्या, म्हणजे बांबू-कागदाच्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, दिवशी तेवढं कुणी काही म्हणत नाही. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, दोघी नेहरू पुतळ्यापाशी समोरासमोर येतात तेव्हा इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. गेल्या वर्षी एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर उभी राहून काढलं. धक्क्यांनी रेषा जाईल तिकडे गेली, पिवळीचा एक हात बडग्याच्या, म्हणजे सोबतच्या पुरुष-पुतळ्याच्या, डोक्यावर येऊन पडला, पानावर गुलाल सांडला. बांबू-कागदाची ती एवढी मोठी बाई, रोगराई, ईडा-पीडा घेऊन त्याच दिवशी जळून जाते. माझ्याकडे तिचा एक वाकडा डोळा आहे.

तर संबंधितांना माझ्या दोनच विनंत्या. पहिली, सरकारी आणि निमसरकारी इमारतींवरच्या सुरक्षारक्षकांना साध्या शब्दांत सांगा की फूटपाथवर, बागेत, तळ्याकाठी बसून कुणी वहीत चित्र काढत असेल तर त्याला उठवू नये. जिथं खरोखर बंदी आहे तिथं तशी पाटी लावा, मराठीत, वाचता येईल एवढी. पाटी असली तर मी स्टूल उचलून पलीकडे जाईन, वाद घालणार नाही. नसलेल्या नियमाची भीती तरी त्या पोरांना का? त्यांनाही सायेबांचा फोन येईल म्हणूनच ते धावत येतात.

दुसरी, सावलीतला बाक. शहरात बाक बसवले आहेत, नाही असं नाही, पण बहुतेक उन्हात, आणि कित्येकांना पाठ नाही. पाठ टेकायची सोय असावी, आणि बाक झाडाखाली असावा. हे चित्र काढणाऱ्यांपुरतं नाही. झिरो माइलसमोर बसून त्या घोड्यांचे पाय मोजायचे तर मला छत्री लागते, आणि एका हातात छत्री, एका हातात पेन, मग वही धरायची कशानं?

आपली,
एक निवृत्त अनुरेखक,
सुभाषनगर, नागपूर

ता. क. : सोबत पोहेवाल्याचं एक चित्र जोडलं आहे. छापायचं असल्यास छापावं, त्याला विचारलं आहे. त्याच्या सांगण्यावरून पोट थोडं कमी केलं आहे.