सईच्या विमानप्रवासाविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

सईची शेंगदाण्याची ॲलर्जी इतकी जिवावरची आहे, तर विमान कंपन्या शेंगदाणे वाटणेच बंद का करत नाहीत, असे बाबांनी परवा फोनवर विचारले होते. तेव्हा उत्तर अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बऱ्याच कंपन्यांनी ते बंद केलेही आहे. अमेरिकेतील साउथवेस्ट ही कंपनी तर शेंगदाण्याच्या पुड्यांसाठीच ओळखली जाई. तिनेही १ ऑगस्ट २०१८ पासून त्या थांबवल्या. तरीही ‘आमच्या विमानात शेंगदाण्याचा कणही नसेल’ अशी हमी सहसा कोणी देत नाही. पूर्वी मला याचा राग येत असे, पण शेजारच्या प्रवाशाने सोबत काय आणले आहे आणि आधीच्या फेरीत त्याच आसनावर बसून कोणी काय खाल्ले, हे कंपनीच्या हातात नसते. आता राग येतो तो निष्काळजीपणाचा. मागच्या प्रवासात फोनवरच्या माणसाने ‘नोंद केली आहे, निश्चिंत राहा’ असे सांगितले होते आणि विमानात शिरल्यावर पाहिले तर कर्मचाऱ्यांच्या यादीत ती नोंदच नव्हती. म्हणून या वेळी मी कंपनीकडून लेखी उत्तर मागवले असून त्याची छापील प्रत पासपोर्टांबरोबर ठेवली आहे.

आईला भीती आहे ती हवेची. कोणी पुडी फोडली की कण विमानभर पसरतील, असे मलाही वाटत असे. मात्र ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने करवून घेतलेला आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात शेंगदाण्याचे किंवा काजू-बदामासारख्या फळांचे कण विमानाच्या वायुवीजनातून पसरत असल्याचा पुरावा आढळला नाही. विमानातील हवा छताकडून येते, साधारण त्याच रांगांजवळ जमिनीलगत ओढली जाते आणि त्यातला जो भाग पुन्हा वापरला जातो, तो अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा गाळण्यांतून जातो. खरा धोका असतो तो ट्रे, हातटेकू, पट्ट्याचे बक्कल आणि समोरचा टीव्हीचा पडदा यांवर चिकटून राहिलेल्या अंशाचा, कारण मूल तिथे हात लावते आणि तेच बोट तोंडात घालते. मागच्या वेळी मी सईचा ट्रे पुसला, तेव्हा बिजागरीच्या खाचेतून शेंगदाण्याचे लालसर पापुद्रे निघाले. ट्रे दिसायला अगदी स्वच्छ होता.

त्यामुळे विमानात इतरांच्या आधी चढून आसन पुसायला मिळणे, ही सवलत मला ‘कोणी शेंगदाणे खाऊ नका’ अशा विमानातील घोषणेपेक्षा मोलाची वाटते. ती नाकारणे अपंगत्वविषयक कायद्याचा भंग आहे, असा निर्णय अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०१९ मध्ये एका कंपनीविरुद्ध दिला आहे. अर्थात घोषणा झाली तरी मला नको असते असे नाही. सगळ्या विमानाने वळून पाहिले की सई मात्र संकोचून माझ्या ओढणीत तोंड लपवते.

औषधाबद्दल थोडे. तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणाऱ्या ॲड्रेनलिन या औषधाची दोन स्वयंचलित इंजेक्शने माझ्या पर्समध्येच राहतील, वरच्या कप्प्यात नाही आणि सामानात तर मुळीच नाही. विमानातील वैद्यकीय पेटीवर मी विसंबून राहत नाही, कारण अनेकदा तिच्यात ॲड्रेनलिन कुपीत असते. ते मोजून सिरिंजमध्ये भरायला जाणता माणूस लागतो आणि त्या क्षणी तो विमानात असेलच असे नाही. आमचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यांवरूनही देता येते. लक्षणे ओसरली नाहीत तर पाच ते पंधरा मिनिटांत दुसरे द्यावे लागते, म्हणून दोन. ॲलर्जीची साधी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. सईचे जेवण मी घरून बांधून घेणार आहे.

तुम्ही विमानतळावर घ्यायला याल, तेव्हा वाटेत शेंगदाणे खाल्ले असतील तर सईला उचलून घेण्यापूर्वी कृपा करून हात साबणाने आणि पाण्याने धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण शेंगदाण्याचा अंश हातावर तसाच राहतो. ती धावतच तुमच्याकडे येईल आणि मी तिला अडवू शकणार नाही, म्हणून आधीच कळवत आहे.

आपली,
मेधा