चौथ्या रकान्यातली आपली मंडळी

प्रिय शमू,

सप्रेम सलाम.

तुझे जानेवारीतले पत्र माझ्या बायबलात, स्तोत्रसंहितेच्या पानांत, आठ महिने तसेच आहे. दर रविवारी ते दिसते आणि दर रविवारी मी मनाशी म्हणतो की आज घरी गेल्यावर उत्तर लिहीन. एवढ्या मौनाबद्दल तू रागावला असशील तर तो राग योग्यच आहे आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. आज मात्र लिहिल्यावाचून राहवेना, कारण गेल्या आठवड्यात जे घडले ते तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. तुझ्या वहिनीला सांगितले, तेव्हा तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि "हे शमूभावजींना लिहा" एवढेच ती म्हणाली. आम्ही दोघे बरे आहोत. माझी साखर ताब्यात आहे आणि तिचे गुडघे नेहमीप्रमाणे दुखतात.

पुढच्या पाच वर्षांत आपल्या भागात सेवा कशी करायची, मिशनकार्य कुठे वाढवायचे आणि आपल्या मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये, चैतन्य कसे येईल याची आखणी करण्यासाठी लोणावळ्याला तीन दिवसांची बैठक होती. पाळक, डी. एस. (जिल्हा अधीक्षक), ले-लीडर (पाळक नसलेले पुढारी), स्त्रियांच्या आणि तरुणांच्या संघांचे प्रतिनिधी असे आम्ही चाळीसेक जण होतो. सकाळची प्रार्थना, बायबल अभ्यास आणि मग दिवसभर चर्चा असा क्रम होता. बैठकीच्या दोन महिने आधी मंडळ्यांची पाहणी करण्यासाठी पाच जणांची एक समिती नेमली गेली, आणि बँकेत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून तिचे निमंत्रकपद माझ्याकडे आले. मी ते आनंदाने घेतले. आकडे नीट मांडले की माणसे भांडत नाहीत, असा माझा तीस वर्षांचा अनुभव होता.

मी एक तक्ता आखला. पहिल्या रकान्यात मंडळीतली घरे, दुसऱ्यात रविवारची सरासरी उपस्थिती, तिसऱ्यात वर्षाचे अर्पण आणि त्यातून पाळकाच्या खर्चाचा किती वाटा निघतो तो हिशेब, आणि चौथ्यात शिफारस. ज्या मंडळीत तीसपेक्षा कमी घरे आहेत आणि जिच्या अर्पणातून पाळकाचा निम्मा खर्चही निघत नाही, ती शेजारच्या पास्टोरेटमध्ये, म्हणजे शेजारच्या पाळकाच्या क्षेत्रात, विलीन करावी, असा निकष समितीपुढे मीच ठेवला आणि तो एकमताने मान्य झाला. मग एकेका मंडळीची माहिती भरत गेलो. सातव्या ओळीवर आपली मंडळी आली. घरे २३. उपस्थिती ४१. अर्पण निम्म्याहून बरेच कमी. शमू, ज्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला, तुझे आणि माझे दृढीकरण एकाच रविवारी झाले, जिथल्या घंटेचा दोर हातात आल्याच्या आनंदात तू सातची घंटा पाचला वाजवलीस आणि सगळी आळी आग लागली म्हणून बाहेर आली, त्या मंडळीपुढे चौथ्या रकान्यात "विलीन" हा शब्द मी माझ्या हाताने लिहिला. निकष माझा होता. तो बदलण्यासाठी माझ्याकडे एकच कारण होते, ते म्हणजे ती माझी मंडळी आहे. आणि हे कारण दुसऱ्या कोणी सांगितले असते तर मी ते मान्य केले नसते.

आता तुला वाडी आठवली असेल. मलाही तीच आठवली, आणि खरे सांगायचे तर हे पत्र वाडीबद्दलच आहे. १९९४ साली पास्टोरेट कमिटीत वाडीची महिन्याची उपासना बंद करण्याचा ठराव मी मांडला, तेव्हा तिथे पाच घरे उरली होती, पाळकसाहेबांच्या स्कूटरचा खर्च निघत नव्हता आणि माझ्या हातात तेव्हाही एक कागद होता. तू उठून म्हणालास, "पाच घरांचा हिशेब करता, मग त्या पाच घरांत कोण कोण आहे ते तरी वाचून दाखवा." मला ते वाचून दाखवता आले नाही. मी म्हणालो की भावनेवर मंडळी चालत नाही, आणि तू बाहेर निघून गेलास. त्यानंतर आपण एक नाताळ आणि एक ईस्टर एकमेकांशी बोललो नाही. पेटी की गिटार या वादातसुद्धा आपण इतके दिवस अबोला धरला नव्हता. तिथे निदान दर रविवारी तू गिटार आणि मी पेटी घेऊन एकाच बाकावर बसत होतो.

पुढे वाडीचे काय झाले ते तू इंग्लंडला गेल्यामुळे तुला पूर्ण ठाऊक नाही. आम्ही ठरवले होते की ती माणसे गावातल्या उपासनेला येतील. पहिले तीन महिने दोन घरे आली. मग एसटीची वेळ बदलली. एक कुटुंब पिंपरीला गेले, दोन कुटुंबे एका स्वतंत्र फेलोशिपमध्ये गेली, आणि राहिलेल्या दोन घरांतली पोरे कोणत्याच मंडळीत वाढली नाहीत. गेल्या वर्षी त्यांतला एक मुलगा, आता चाळिशीचा गृहस्थ, मला तालुक्याच्या बाजारात भेटला. त्याने सलाम केला आणि विचारले, "काका, आमच्याकडे यायचे का थांबवले होते?" तीस वर्षे त्याला हा प्रश्न कोणाला विचारावा हे समजले नव्हते. मी काय उत्तर दिले ते मला इथे लिहवत नाही.

लोणावळ्याला जाण्याआधीच्या रविवारी मी अर्पणाची मोजणी करत होतो. थैलीत औषधाच्या दुकानातले छोटे खाकी पाकीट होते, वरचे गोळ्यांचे नाव पेनाने खोडलेले आणि आत दहादहाच्या चार नोटा, इस्त्री केल्यासारख्या सरळ घडी घातलेल्या. हे पाकीट आपल्या मिशन कंपाऊंडमधल्या आजींचे असते. त्यांना आता चालवत नाही. शेजारचा रिक्षावाला, जो आपल्या मंडळीचा नाही, तो दर रविवारी पाकीट आणून दारात देतो आणि जाताना प्रभुभोजनाची वेळ कधी आहे ते विचारतो, म्हणजे पाळक त्यांच्या घरी कधी येतील ते त्याला त्यांना सांगता येते. त्या दिवशी मी सवयीप्रमाणे चाळीस रुपये वहीत लिहिले आणि मग हजेरीचे पान उघडले. त्या पानावर आजी नाहीत. ४१ या आकड्यात त्या नाहीत, रिक्षावाला तर नाहीच. माझा तक्ता खोटा नव्हता, शमू. पण त्यात एवढे राहून गेले होते.

बैठकीत दुसऱ्या दिवशी तक्ता मांडायची वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो आणि तो मांडण्याऐवजी ब्रिस्टलबद्दल बोललो. आपल्या शब्बाथशाळेत गुरुजींनी सांगितलेली ती गोष्ट तुला आठवत असेल. १७४२ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलच्या मंडळीवर इमारतीचे कर्ज होते आणि प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे कोणीतरी सुचवले. पुष्कळ जण इतके गरीब आहेत की त्यांना तेही जमणार नाही, असे दुसरा म्हणाला. तेव्हा कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने म्हटले, "सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, त्यांनी दिले तर ठीक, नाही दिले तर त्यांचे मी भरीन." मग इतरांनीही अकरा अकरा जण वाटून घेतले. पेनी गोळा करायला जाणारा माणूस दारात उभा राहून घरात कोण आजारी आहे, कोणाच्या संसारात काय बिघडले आहे हे पाहू लागला, आणि आपल्याला हवे होते ते हेच, हे मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या ध्यानात आले. मेथडिस्ट लोकांची क्लास मीटिंग, म्हणजे एकमेकांची विचारपूस करणाऱ्या छोट्या गटाची साप्ताहिक बैठक, अशी कर्जाच्या हिशेबातून जन्माला आली. मी सभेला एवढेच म्हणालो की माझ्या तक्त्यातले तीन रकाने त्या पेनीसारखे आहेत आणि ती पेनी घेण्यासाठी आमच्यापैकी कोणी दारापर्यंत गेलेले नाही.

अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी विल्यम टेलरांचेही नाव घेतले. १८७१ साली ते मुंबईत आले तेव्हा त्यांनी अमेरिकेच्या मिशन बोर्डाकडून पैसा न घेता, घराघरांत जमणाऱ्या छोट्या गटांतून मंडळी उभी केली. त्यांना येऊन मिळालेले अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन तर मिशनचा पगार नाकारून बाजारपेठेतल्या साध्या खोलीत राहत. १८४८ साली ते मुंबईत उतरले आणि १८८८ साली तिथेच निधन पावले. माझ्या निकषाने टेलरांचे पहिले गट आणि बोवेनसाहेबांची ती खोली कुठल्या रकान्यात गेली असती, असे मी विचारले.

सभा काही वेळ शांत राहिली. मग एक तरुण पाळक उठले, आणि ते जे बोलले ते तू ऐकायला हवे होतेस, कारण १९९४ साली मला जे सांगता आले नव्हते तेच ते सांगत होते. ते रविवारी तीन ठिकाणी उपासना घेतात, मोटारसायकलवर सत्तर किलोमीटर जातात, तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत आवाज बसलेला असतो, आणि त्यांची धाकटी मुलगी वडिलांना रविवारी पाहतच नाही. "लहान मंडळी जिवंत ठेवावी असे सगळे म्हणतात," ते म्हणाले, "पण ती माझ्या जिवावर जिवंत ठेवू नये." त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले आणि अजूनही पटते. कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या भागातल्या मंडळ्यांच्या वार्षिक सभेच्या, शेवटच्या दिवशी बिशप पाळकांच्या नेमणुका वाचतात तेव्हा आपण सगळे आपल्या मंडळीचे नाव ऐकायला कान टवकारतो; त्या नावापुढे ज्याचे नाव येते त्याने घरचे सामान बांधायचे, मुलांची शाळा बदलायची, हे आपल्या मनात कितीदा येते?

तरुणांच्या प्रतिनिधींनी तिसरीच गोष्ट सांगितली. दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये भरणाऱ्या फेलोशिपकडे आपली मुले का जातात, असे विचारल्यावर एक मुलगी म्हणाली की तिथे वाद्ये चांगली आहेत हे खरे, पण मी दोन आठवडे गेले नाही तर तिथून फोन येतो. आपल्या मंडळीत मी चार महिने नव्हते आणि कोणाला समजले नाही. ते ऐकून मला पुन्हा कॅप्टन फॉयच आठवले. त्यांनी नेमके हेच काम केले होते, आणि आपण ते दुसऱ्यांना करू दिले.

शेवटी असे ठरले की तक्ता रीजनल कॉन्फरन्सपुढे लगेच ठेवू नये. विलीनीकरणाच्या यादीत आलेल्या प्रत्येक मंडळीत पुढच्या तीन महिन्यांत घरे वाटून घ्यावीत, एकेकाने दहा-बारा घरांत स्वतः जावे आणि काय आढळले ते लिहून आणावे. स्थानिक उपदेशकांचे शिक्षण सुरू करावे, म्हणजे पाळक महिन्यातून एकदा प्रभुभोजनासाठी आले तरी बाकीचे रविवार बंद पडणार नाहीत. आपल्या २३ घरांपैकी बारा घरे माझ्याकडे आहेत. आतापर्यंत सात झाली. पाचव्या घरात मला दीड तास बसवून ठेवले आणि वडिलांच्या अंत्यविधीला मंडळीतून किती कमी लोक आले हे मला पहिल्यांदा समजले. त्या घराचे अर्पण तेव्हापासून बंद होते आणि मी वहीत त्यापुढे फक्त रेघ ओढत होतो.

तरीही माझ्या मनाची तळमळ गेलेली नाही. तीन महिन्यांनी आकडे तेच राहिले तर? नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी आपण वेस्लींची कराराची प्रार्थना करतो, तिच्यात, प्रभू, मला कामाला लाव किंवा तुझ्यासाठी बाजूला ठेव, असे आपण म्हणतो. स्वतःसाठी मी ते इतकी वर्षे म्हणत आलो. एका अख्ख्या मंडळीच्या वतीने ते म्हणण्याचा अधिकार मला आहे का? वाडीच्या वेळी मी ते वाडीच्या वतीने म्हटले आणि वाडीला विचारले नाही, हे मला आज दिसते. त्या दिवशी तुझे म्हणणे खरे होते. पैशाचा प्रश्नही खरा होता आणि त्यावर तुझ्याकडे उत्तर नव्हते, हेही मी लिहून ठेवतो, नाहीतर तुला वाटेल की मी म्हातारपणी मऊ झालो. १९७० साली नागपूरला इतर पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले आणि आपण मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिलो, त्यावरून तुझे वडील आणि माझे काका मरेपर्यंत वाद घालत राहिले. पण दर सोमवारी ते एकत्र चहा घेत. आपला वाद त्यांच्याइतका लांबू नये असे मला वाटते.

तू लिहिले होतेस की तुमच्या घराजवळच्या चॅपेलची आता घरे झाली आहेत. त्याच पत्रात तुमच्याकडच्या तीन महिन्यांच्या छापील प्लॅनचा उल्लेख होता, ज्यात कोणत्या रविवारी कुठे कोण उपदेश करणार ते लिहिलेले असते आणि त्यातले पुष्कळ जण पगारी पाळक नसतात. असा एक प्लॅन मला पाठवशील का? स्थानिक उपदेशकांना तयार कसे करतात, त्यांची परीक्षा कोण घेतो, आणि चुकीचा उपदेश झाला तर कोण सांगतो, हेही लिही. इथे या तिन्ही गोष्टींवर चर्चा अडते.

लेकीला नोकरी लागली हे तुझ्या बहिणीकडून समजले. तिला आम्हां दोघांचे आशीर्वाद सांग. वहिनींचे डोळ्यांचे ऑपरेशन कसे झाले? तुझी पाठ आता बरी असेल अशी आशा आहे.

आणखी एक काम आहे, आणि खरे तर त्याच्यासाठीच हे पत्र मी उद्यावर टाकले नाही. वाडीच्या उपासनेची हजेरीची वही तू त्या कमिटीतून निघताना बरोबर घेऊन गेलास, असे मला नेहमी वाटत आले आहे, आणि त्याबद्दल मी कधी विचारले नाही. ती तुझ्याकडे असेल तर पानांचे फोटो काढून पाठव. त्या पाच घरांत कोण कोण होते ते मला वाचायचे आहे. पिंपरीला गेलेल्या कुटुंबाचा पत्ता मी शोधून ठेवला आहे आणि येत्या शनिवारी तिकडे जाणार आहे. जाण्याआधी मुलांची नावे मला ठाऊक असावीत.

तुझा,
जोसेफ