भांगेच्या तेलाबद्दल नंदूस

इंदूर,
१२ डिसेंबर २०२५

प्रिय नंदू,

व्हॉट्सॲपवर पाठवलेला तुझा रिपोर्ट पाहिला. ट्रायग्लिसराइड २९०, लिव्हरवर चरबी, आणि खाली तुझी फर्माईश: "उज्जैनहून भांगेचं तेल पाठव, पोट आणि शुगर दोन्ही उतरतं म्हणे." याला नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवून भागणार नाही, म्हणून कागद घेतला. तीस वर्षं दवा बाजारात काढली, पण असलं गिऱ्हाईक तूच.

तुझ्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, भांगेचा आणि वजनाचा संबंध आहेच, तेवढं आधी कबूल करतो. भांगेतलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, इस्रायलच्या मेशूलम आणि गाओनी यांनी १९६४ मध्ये वेगळं काढलं. पण एका झाडाच्या पाल्याला आपला मेंदू दाद का देतो, हे कोडं सुटायला पुढे पंचवीसेक वर्षं लागली. टीएचसी मेंदूत ज्याला जाऊन चिकटतं त्या ग्राहीची, म्हणजे पेशीवरच्या कुलपाची, १९९० मध्ये पक्की ओळख पटली; त्याचं नाव सीबी-१. दोन वर्षांनी त्याच कुलपाला लागणारं, शरीर स्वतःच बनवतं ते रसायन सापडलं आणि त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड. आपल्या संस्कृतातला आनंदच तो! म्हणजे घोटा न घेताही तू रोज थोडी भांग अंगातच तयार करतोस.

गंमत पुढे आहे. सीबी-१ फक्त डोक्यात नाही. चरबीत, लिव्हरमध्ये, स्नायूंत, स्वादुपिंडातही आहे. आनंदामाइड शरीरात भरून ठेवलेलं नसतं. पेशीच्या आवरणातल्या स्निग्धांशातून गरजेपुरतं बनतं आणि काम झालं की मोडून टाकलं जातं. काम काय, तर भूक वाढवायची, आलेलं साठवायचं, जिवाला स्वस्थ करायचं. दुष्काळात फार उपयोगी व्यवस्था. पण आतड्यांभोवती चरबी साठलेल्या माणसात ती थांबायचं नावच घेत नाही. रक्तात तिचं दुसरं रसायन, २-एजी, वाढलेलं सापडतं, आणि लिव्हर चरबी बनवतच राहतं. तुझे २९० एकट्या तिच्यामुळे, असं मात्र समजू नकोस; तुझी रात्रीची जेवणंही मला माहीत आहेत.

२०११ चा एक प्रयोग मला सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेलो की हटकून आठवतो. उंदरांना स्निग्ध पातळ पदार्थ चाटू दिला, पण आतड्यात पोचू दिला नाही. तरी लहान आतड्यात ही रसायनं वाढली. साखर किंवा प्रथिनं दिली तर वाढली नाहीत. भुट्ट्याच्या किसाचा पहिला चमचा जिभेवर टेकला की दुसरी प्लेट का सांगाविशी वाटते, ते आता कळलं ना?

मग हा ग्राहीच बंद केला तर? करून झालंय. रिमोनाबँट नावाची गोळी युरोपात २००६ मध्ये मंजूर झाली. वर्षभराच्या चाचणीत २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वजन सरासरी ६.६ किलो उतरलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं १.८. कंबर कमी, ट्रायग्लिसराइड कमी, चांगलं कोलेस्टेरॉल वर. आपल्याकडेही ती वेगवेगळ्या नावांनी आली. माझ्या मेव्हण्याने घेतली, मीच आणून दिली होती. पँट सैल झाली, पठ्ठ्या खूश. पण त्या रंगपंचमीला राजवाड्यावर रंगांची मिरवणूक, आमची गेर, निघाली आणि हा घरात भिंतीकडे तोंड करून पडलेला. ताई म्हणाली, "अरे, हा हसतच नाही रे हल्ली." गोळी बंद केल्यावर काही महिन्यांत माणूस परत आला. ते गोळीमुळेच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण नैराश्य आणि आत्महत्येचे विचार या कारणांनीच २००८ च्या ऑक्टोबरात युरोपात तिची विक्री थांबवली, आणि पुढे आपल्याकडेही बंदी आली. ताईला मी अजून नीट सांगितलेलं नाही की ती गोळी मीच सुचवली होती.

आता मेंदूत कमी शिरतील अशा गोळ्यांची खटपट चालू आहे. २०२४ मध्ये मोनलुनाबँटच्या चाचणीत १६ आठवड्यांत ७.१ किलो वजन उतरलं, पण अस्वस्थता आणि झोपमोड काही पिच्छा सोडेनात.

तू तर उलटंच मागतोयस. रिमोनाबँट सीबी-१ बंद करत होतं; भांगेतलं टीएचसी तो चालू करतं. भांग घेऊन शिवरात्रीला आपण किती पेढे उडवले होते, आठव. शिवाय तिने नाडी धावते. २००१ च्या एका अमेरिकन अभ्यासात गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात हार्ट अटॅकची शक्यता ४.८ पट निघाली. ओढणं आणि पिणं एक नाही, मान्य, पण तुझ्या वडिलांचं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलंय. आणि बाजारात 'भांगेचं तेल' म्हणून मिळतं ते बऱ्याचदा बियांचं असतं. त्यात टीएचसी जवळजवळ नसतंच. फोडणीला घाल हवं तर.

तेल पाठवत नाही. तुझ्या रिपोर्टात तीन महिन्यांच्या शुगरचा आकडाच नाही. ती तपासणी करून घे आणि कागद घेऊन डॉक्टरकडे जा, माझ्याकडे नको.

जानेवारीत येतोयस ना? गराडूचा, आमच्या त्या तळलेल्या कंदाचा, हंगाम आहे. रामबागेतून सराफ्यापर्यंत चालत जाऊ आणि चालतच परत येऊ, रिक्षा मी करू देणार नाही. दमदार धावलं किंवा सायकल मारली तरी रक्तात आनंदामाइड वाढतं म्हणतात. आपल्या चालीने कितपत वाढेल शंकाच आहे. गराडू एकच प्लेट, दोघांत. वरून जिरावण मसाला हवा तेवढा.

वहिनींना नमस्कार. हे पत्र त्यांनाही वाचायला दे, लपवू नकोस.

तुझा,
सुधीर