गोळी घाव घालते कुठे?

महोदय,

प्रतिजैविकांच्या गैरवापराविषयी पुष्कळ छापून येते. पण सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक जिवाणूत नेमका कुठे घाव घालते, हे क्वचितच सांगितले जाते. ई. कोलाय या जिवाणूचा सुमारे दीड मिलिमीटर लांबीचा वर्तुळाकार डीएनए जेमतेम दोन मायक्रोमीटरच्या पेशीत मावतो, त्यात त्याला पडलेल्या पिळांचा मोठा वाटा असतो. १९७६ मध्ये मार्टिन गेलर्ट व सहकाऱ्यांनी शोधलेले गायरेज हे विकर (एन्झाइम) एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूच्या बळावर डीएनएचे दोन्ही धागे तोडते, त्या फटीतून त्याचाच दुसरा भाग पार करते आणि धागे पुन्हा जोडून ऋण पीळ (डीएनएच्या मूळ वळणाच्या उलट दिशेचे) वाढवते. टोपोआयसोमरेज-१ हे दुसरे विकर मात्र एकच धागा तोडून जादा पीळ सैल करते. गंमत अशी, की पीळ फार सैलावला तर गायरेजची जनुकेच अधिक सक्रिय होतात. सिप्रोफ्लॉक्सासिन गायरेजने तोडलेले हेच धागे जुळू देत नाही. गायरेजच्या जनुकातील एखाद्या बदलानेही या औषधाचा प्रभाव घटतो.

एक वाचक, पुणे