भाषणाच्या त्या तीन क्रेडिटबद्दल, ताईंना

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

अमेरिकी हवाई दलाच्या कम्युनिटी कॉलेजची एव्हिएशन मेंटेनन्स टेक्नॉलॉजीतली असोसिएट (बॅचलरच्या आधीची) पदवी आम्हा मराठी मेकॅनिकांच्या हाती आली, ती तुमच्यामुळे. पत्र उघडपणे लिहितोय, कारण तुम्ही सांगितलेलं नव्याने भरती झालेल्या आपल्या पोरापोरींनाही कळायला हवं.

सगळ्यांना धास्ती असते तांत्रिक भागाची. पण टेक्निकल स्कूलचे क्रेडिट (अभ्यासक्रमाचे श्रेयांक) कॉलेज स्वतःच खात्यात धरतं, आणि पदवीसाठी लागणारी फाइव्ह-लेव्हल, म्हणजे कुशल कारागिराची पातळी, कामातूनच मिळते. पदवीचं काय झालं, काय उरलं ते दाखवणाऱ्या प्रोग्रेस रिपोर्टवर बोट ठेवून तुम्ही रिकामे रकाने दाखवलेत ते जनरल एज्युकेशनचे: भाषण, लेखन, गणित, सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्या. प्रत्येकी 3, मिळून 15 क्रेडिट. गणिताला क्लेपची (वर्गात न बसता परीक्षेतून कॉलेजचे क्रेडिट देणारी योजना) कॉलेज अल्जिब्रा चालते. 50 गुण मिळाले की झालं. नापास झालं तर तोच पेपर तीन महिने देता येत नाही, म्हणून सराव परीक्षा दिल्याशिवाय तुम्ही कुणाला तारीख घेऊ दिली नाहीत.

घोडं अडतं ते भाषणापाशी. क्लेपमध्ये त्याची परीक्षाच नाही. डीएसएसटी या तशाच दुसऱ्या योजनेत पब्लिक स्पीकिंगची आहे, पण तिच्यात बहुपर्यायी प्रश्नांबरोबर तीन ते पाच मिनिटांचं भाषण रेकॉर्ड करावं लागतं. प्रश्नांत कितीही गुण पडोत, भाषण पडलं तर सगळंच गेलं. विमानाचा बिघाड तासभर समजावून सांगणारी माणसं इथे दीड मिनिटात संपतात, कारण मुद्द्यांची मांडणीच केलेली नसते. तुम्ही घड्याळ लावून बसायचात: पहिल्या वाक्यात भूमिका, मग दोन कारणं, एक आक्षेप, त्याचं उत्तर, शेवटी परत भूमिका. ताई, या एका सवयीचे आभार कसे मानावेत तेच कळत नाही.

कागदपत्रांतही तुम्ही किती फेऱ्या वाचवल्यात! ट्युइशन असिस्टन्सची, म्हणजे हवाई दलाकडून मिळणाऱ्या फीच्या मदतीची, मंजुरी वर्ग सुरू होण्याआधी हवी, नंतरचा अर्ज व्यर्थ. त्या पैशांवर घेतलेल्या विषयात सी पेक्षा खालची श्रेणी आली तर पैसे परत भरावे लागतात. बाहेरच्या कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट थेट त्या कॉलेजकडूनच यायला हवी, स्वतः नेऊन दिलेली धरत नाहीत. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिका असतील तर आधी अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यायचं. नुसतं ‘पदवी समकक्ष आहे’ एवढं पत्र क्रेडिटला पुरत नाही.

आणि तुमचा सगळ्यात मोठा आग्रह: नोकरी सोडण्याआधी सगळं पूर्ण करा. एकदा गणवेश उतरला की उरलेले तीन क्रेडिट बाहेर मिळवून ही पदवी मिळत नाही. ट्रेड बदलला तरी तांत्रिक क्रेडिट नव्या पदवीत जसेच्या तसे बसत नाहीत, म्हणून क्रॉस-ट्रेनिंगचा (दुसऱ्या ट्रेडमध्ये जाण्याचा) अर्ज टाकण्याआधी रिपोर्ट उघडून पाहायला तुम्ही लावलंत. रकाने भरल्यावरही एज्युकेशन ऑफिसमधून पदवीसाठी नॉमिनेशन (नावाची शिफारस) करून घ्यावं लागतं, हे तर तुम्ही प्रत्येकाला फोन करून सांगितलंत.

आता पुढे बॅचलरसाठी एअर युनिव्हर्सिटीच्या (हवाई दलाचं विद्यापीठ) सहकार्य योजनेतली कॉलेजं बघतोय. तिथे या पदवीनंतर जास्तीत जास्त 60 क्रेडिट लागतात. यादी घेऊन रविवारी येतो, ताई.

तुमचेच,
फ्लाइटलाइनवरचे सगळे